वर्तणूक चांगली, प्रगती समाधानकारक

कुठल्याही हायस्कूलला पन्नास, पंच्याहत्तर किंवा शंभर वर्षं पूर्ण झाली की दोन गोष्टी हमखास होतात. प्रवेशद्वाराची कमान रंगवली जाते आणि स्मरणिका निघते. कमानीचा रंग दोन पावसाळ्यांत उतरतो, स्मरणिका मात्र माजी विद्यार्थ्यांच्या माळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या सुखरूप राहते. तिच्यात आधी मंत्र्यांचे शुभसंदेश, मग संस्थाचालकांचे फोटो, मग मुख्याध्यापकांची सनावळी आणि त्यानंतर बोर्डात आलेल्या मुलांची टक्केवारी असते. शेवटी शेवटी, गावातल्या सराफाची आणि ट्रॅक्टर विक्रेत्याची जाहिरात सुरू व्हायच्या जरा अलीकडे, ‘शाळेची क्रीडा परंपरा’ नावाचं एक पान येतं. त्यावर खो-खोच्या संघाचा फोटो असतो. तो भर दुपारी उन्हाकडे तोंड करून काढलेला असल्यामुळे विजयी संघातला एकही खेळाडू डोळे उघडून पाहत नसतो. खाली नावं असतात, ‘डावीकडून उभे’ आणि ‘डावीकडून बसलेले’. कुणीतरी एक अनुपस्थित असतो.

मला या स्मरणिका वाचण्याचा नाद आहे. रद्दीच्या दुकानात दिसली की घेतो. गंमत अशी की शाळेचा इतिहास लिहायची जबाबदारी नेहमी मराठीच्या किंवा इतिहासाच्या सरांकडे जाते, पी.टी.च्या सरांकडे कधीच जात नाही. पी.टी.चे सर त्या वेळी मांडववाल्याशी बोलत असतात. त्यामुळे शाळेत कोण किती शिकलं याची बारीकसारीक नोंद राहते आणि कोण किती पळालं ते माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात, जेवणानंतरच्या गप्पांत तेवढं कळतं. तिथेही अंतर दर वर्षी थोडं वाढत जातं.

आमच्या सातारा जिल्ह्यात हा घोटाळा जरा जास्तच झाला आहे, कारण इथल्या शाळांनी इतिहासही भरपूर केला आणि पळापळही.

साताऱ्याच्या राजवाडा चौकातली छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल ही शाळा घ्या. आज ती जिल्हा परिषदेची आहे, म्हणजे तुमची-आमची. तिला ज्यांचं नाव आहे ते प्रतापसिंह महाराज शिक्षणाची मनापासून आस्था असलेले, रोजनिशी लिहिणारे छत्रपती होते. इंग्रजांनी 1839 साली त्यांना गादीवरून काढलं, बनारसला पाठवलं, आणि 1847 साली ते तिथेच वारले. पुढच्याच वर्षी डलहौसीने दत्तक नामंजूर करून सातारचं राज्यच खालसा केलं. राज्य गेलं, पण पुढे शाळेला नाव मिळालं ते गादीवरून काढलेल्या महाराजांचं. डलहौसीच्या नावाने साताऱ्यात एक बालवाडीसुद्धा नाही.

या शाळेत एक जुनं जनरल रजिस्टर जपून ठेवलेलं आहे. 7 नोव्हेंबर 1900 या दिवशी त्यात एका मुलाचं नाव चढलं : भिवा रामजी आंबेडकर. क्रमांक 1914. इयत्ता इंग्रजी पहिली. वय नऊ वर्षं आणि काही महिने. समोर मुलाची सही. ज्या कारकुनाने ही ओळ लिहिली त्याला ती 1913 आणि 1915 यांच्या मधली एक ओळ यापलीकडे काही वाटलं असण्याची शक्यता नाही. शाई सुकली, पान उलटलं, पुढचा पालक पुढे आला.

रजिस्टर हे मोठं विलक्षण पुस्तक असतं. त्याच्या रकान्यांची रुंदी सगळ्यांना सारखी. जहागीरदाराच्या मुलालाही एकच ओळ आणि सुभेदार रामजींच्या मुलालाही एकच ओळ. वर्गात मात्र तसं नव्हतं. बाबासाहेबांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे की त्यांना वर्गात वेगळं बसावं लागे, बसायला घरून गोणपाट न्यावं लागे, ते शाळेचा गडी झाडतानाही शिवत नसे म्हणून संध्याकाळी घरी परत न्यावं लागे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. गड्याने नळ सोडला तर पाणी, गडी जागेवर नसला तर तहान तशीच. मधल्या सुट्टीत हुंदडून आलेला मुलगा आणि समोर नळ, एवढंच चित्र डोळ्यांपुढे आणा. ज्या शाळेच्या कागदावर त्याला बरोबरीची एक ओळ होती, त्याच शाळेच्या फरशीवर त्याला बरोबरीची वीतभर जागा नव्हती. स्मरणिकांमध्ये ‘शाळेचे भूषण’ या मथळ्याखाली हा मजकूर अर्धाच येतो. गोणपाट बहुधा गाळतात.

1904 पर्यंत बाबासाहेब या शाळेत होते, मग कुटुंब मुंबईला गेलं. 2017 साली राज्य शासनाने 7 नोव्हेंबर हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळायचं ठरवलं. निर्णय उत्तमच, पण या तारखेचा स्वभाव खट्याळ आहे. ती दिवाळीच्या आगेमागे घुटमळते. 2018 साली तर ती बरोबर लक्ष्मीपूजनाला आली. राज्यातले समस्त विद्यार्थी त्या दिवशी शाळेपासून जितकं लांब राहता येईल तितकं लांब, किल्ल्यावर माती थापत होते. विद्यार्थी दिवस याहून चांगला कसा साजरा करतात हे मला तरी ठाऊक नाही.

रजिस्टरात शिरलेला प्रत्येक मुलगा शेवटी एका कागदानिशी बाहेर पडतो. तो म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. मराठी माणसाच्या आयुष्यात जन्मपत्रिकेनंतर इतकं अधिकारवाणीने बोलणारा दुसरा कागद नाही. त्यात दोन रकाने असतात, अभ्यासातील प्रगती आणि वर्तणूक. पहिल्यात ‘समाधानकारक’ आणि दुसऱ्यात ‘चांगली’ लिहायचं, हे सगळ्या हेडक्लार्कना कुणी शिकवलं कोण जाणे. वर्गात फटाका लावणाऱ्या मुलाचीही वर्तणूक चांगली आणि ज्याच्या पाठीमागे फुटला त्याचीही चांगली. खेळाला दाखल्यात रकाना नाही. राज्य पातळीवर खेळलेल्यांना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, तेवढ्याच वाटेने खेळ गुणपत्रिकेत शिरतो.

आता कराडला चला. कृष्णा आणि कोयना जिथे समोरासमोर येऊन मिळतात त्या गावात टिळक हायस्कूल आहे. तिथे शिकलेल्या दोन मुलांची गोष्ट आमच्याकडे लहानपणापासून सांगतात. पहिला देवराष्ट्रेचा यशवंत. वर्गात शिक्षकांनी विचारलं, मोठेपणी कोण होणार? कुणी टिळक झाला, कुणी आणखी कुणी झाला. याने लिहिलं की मी यशवंतराव चव्हाण होणार. सर वैतागले असं म्हणतात. वैतागणारच, असं उत्तर तपासायला मार्गदर्शकात सापडत नाही. शाळकरी वयातच तो चळवळीत पडला आणि 1932 साली अठरा महिन्यांच्या शिक्षेवर तुरुंगात गेला. पुढे राज्याचा पहिला मुख्यमंत्री झाला. दाखल्यावर ‘वर्तणूक’ काय लिहिली असेल याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ‘चांगली’च असणार. त्या रकान्यात दुसरा शब्द मावतच नाही.

दुसरा गोळेश्वरचा खाशाबा जाधव. घरात कुस्ती, वडील पैलवान, गाव आखाड्याचं. टिळक हायस्कूलमध्ये शिकला आणि कोल्हापूरला राजाराम कॉलेजात गेला. 1948 साली लंडन ऑलिंपिकला पोचला तेव्हा त्याला पहिल्यांदा नीट कळलं की जगात कुस्ती गादीवर खेळतात. तांबड्या मातीत हळद, तेल, ताक घालून मऊ केलेला हौदा सोडून गादीवर उतरायचं म्हणजे पायाखालची जमीनच परकी. तरी पठ्ठ्या फ्लायवेट गटात सहावा आला. पुढच्या ऑलिंपिकला हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. गावाने, ओळखीपाळखीच्यांनी दिले ते दिले. पण राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले.

या ठिकाणी मी नेहमी थांबतो. प्राचार्यांनी घर गहाण टाकलं ते विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी. इमारत निधीसाठी नाही, प्रयोगशाळेसाठी नाही. घरी ही बातमी कशी सांगितली असेल? ‘अगं, आपलं घर गहाण टाकलंय, एका पोराला फिनलंडला पाठवायचंय,’ हे वाक्य जेवताना म्हणायचं की जेवण झाल्यावर? आणि पलीकडून काय उत्तर आलं असेल? इतिहासाला याची नोंद ठेवण्याची गरज वाटली नाही. मला विचाराल तर त्या पदकाचा एक तुकडा खर्डेकरांच्या स्वयंपाकघराचा आहे.

1952 साली हेलसिंकीत खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताला मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतरच्या वैयक्तिक पदकासाठी देशाला 1996 पर्यंत, लिअँडर पेसपर्यंत, थांबावं लागलं. परत आल्यावर कराडपासून शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. स्टेशनपासून गावापर्यंतचं चिमूटभर अंतर कापायला कित्येक तास लागले. ऑलिंपिकवीराचा इतका सावकाश प्रवास त्याआधी झाला नव्हता. पुढे ते पोलिसात गेले, 1984 साली अपघातात वारले, आणि सरकारला अर्जुन पुरस्काराची आठवण झाली ती त्यानंतर कित्येक वर्षांनी. सरकारी शेरा पडायला वेळ लागतो हे मान्य, पण इतका?

हे सगळं मोठ्यांचं झालं. आपल्यासारख्यांचा खेळाशी संबंध आला तो वेळापत्रकातल्या ‘शा. शि.’ या दोन अक्षरांपुरता. हा तास शेवटून पहिला किंवा दुसरा असे, आणि तो आमचा आहे ही आमची समजूत पाचवीपासून दहावीपर्यंत टिकली. प्रत्यक्षात तो गणिताच्या सरांचा होता. बूट घालून, रांग लावून, पोरं दारापर्यंत पोचली की सर डस्टर घेऊन समोर उभे. ‘कुठे निघाली वरात? बसा. भूमितीचा पोर्शन राहिलाय.’ पी.टी.चे सर व्हरांड्यातून हे पाहत आणि काही बोलत नसत. शिक्षकांच्या उतरंडीत आपण कुठे आहोत हे त्यांना पक्कं माहीत होतं. हातात शिट्टी असलेला माणूस इतका गप्प राहू शकतो हे मी त्यांच्याकडे पाहून शिकलो.

त्यांचा दिवस वर्षातून एकदा उगवे, डिसेंबरातल्या वार्षिक क्रीडा स्पर्धांच्या आदल्या दिवशी. सकाळी सातला घमेल्यात फक्की घेऊन ते मैदानात उतरत. मैदान एका बाजूला उतरतं होतं आणि मधोमध एक बाभूळ होती. तिला तोडायचा ठराव बरेचदा झालेला, पण सावलीला शिपाई बसत असल्यामुळे अंमलबजावणी होत नसे. त्यामुळे धावपट्टीला बाभळीपाशी एक वळण होतं. मोठ्या शर्यतीत पहिल्या लेनमधला मुलगा काट्यांच्या बाजूने पळे आणि त्यामुळेच जीव खाऊन पळे. सर दोन खुंट्यांना सुतळी बांधत, ती ताणून धरायला दोन मुलं उभी करत आणि ओणवे होऊन मुठीतून फक्की सोडत उलटे चालत जात. रेघ इतकी सरळ पडे की गणिताच्या सरांनी गच्चीवरून पाहून मान डोलवावी. कमरेत सरळ झाले की सरांचे केस, भुवया, मिशा सगळं पांढरं झालेलं असे आणि चेहऱ्यावर असं काही तेज की या माणसाला उद्या कुणी तास मागायची हिंमत करणार नाही. रिलेची बॅटन म्हणजे नळाच्या पाइपाचा कापलेला तुकडा. आज्ञा मात्र हिंदीतून, ‘दाहिने मूड’, ‘पीछे मूड’. मराठी शाळेतली मराठी मुलं मराठी सरांच्या हिंदी आज्ञेवर वळत आणि निम्मी चुकीच्या बाजूला वळत.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी हा शा. शि.चा प्रश्न मुळातूनच निकालात काढला होता. ते स्वतः तरुणपणी कुस्तीचे शौकीन. 1919 साली काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, 1924 साली ती साताऱ्यात आणली आणि ‘कमवा आणि शिका’ म्हणत पोरांच्या हातात कुदळ-फावडी दिली. पोरं सकाळी माळ खणणार, दगड फोडणार, भाजीपाला पिकवणार आणि मग वर्गात बसणार. अशा शाळेत ‘डंबेल्स कधी येणार सर?’ असं विचारायची कुणाची छाती नव्हती. जोर-बैठकांचं बिल जमिनीच्या नावावर निघत होतं.

जिल्ह्यातल्या माण तालुक्याचं नाव काढलं की आमच्याकडे पहिली गोष्ट आठवते ती टँकर. त्या तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकला तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत भारतीय महिला पोचली ती 1984 च्या पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी. या शर्यतीत अठ्ठावीस अडथळे असतात, आणि सात वेळा पाण्याने भरलेल्या खड्ड्यावरून उडी मारावी लागते. माणच्या मुलीसमोर सात वेळा भरलेला खड्डा! कुणा दुसऱ्या देशाच्या खेळाडूला तो अडथळा वाटला असेल. इथे चैत्र-वैशाखात तेवढं पाणी दिसलं तर पळायचं सोडून बायका हंडे घेऊन रांग लावतात.

फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव मजुरी करणाऱ्या आईबापांचा मुलगा. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकांनी त्याला आधी पळायला लावलं, मग तो क्रीडा प्रबोधिनीत गेला, हातात धनुष्य आलं आणि टोकियो ऑलिंपिकपर्यंत पोचला. म्हणजे कुठल्या तरी शाळेत, कुठल्या तरी वेळापत्रकात, शा. शि.चा तास खरोखरच झाला होता.

शासनाने आता खाशाबांचा जन्मदिवस, 15 जानेवारी, हा राज्य क्रीडा दिन केला आहे. हीसुद्धा तारीख नमुनेदारच. बऱ्याच वर्षी ती किंक्रांतीला येते. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी नवं, शुभ काही सुरू करायचं नाही, असं घराघरातून बजावलेलं असतं, आणि नेमकं तेव्हा राज्यभर मुलांना मैदानात उतरवून सांगायचं की आजपासून रोज व्यायाम सुरू करा. मुलांना अर्थात पंचांगाचं काही पडलेलं नसतं. त्यांच्या खिशात आदल्या दिवशीचा तिळगूळ असतो आणि तो कवायतीच्या दुसऱ्या प्रकारापर्यंत संपतो.

गणिताच्या सरांबद्दल मी वर जरा कडवट लिहिलं. तो हिशेब 2023 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला फिटला. साताऱ्याची अदिती स्वामी तिथे तिरंदाजीच्या कंपाउंड प्रकारात जगज्जेती झाली. वय सतरा, म्हणजे दाखल्याची शाई ओली असण्याचं वय. तिचे वडील सरकारी शाळेत शिक्षक, आणि विषय गणित. तासांवर टपलेल्या त्या अख्ख्या जमातीत एक सर निघाले, ज्यांनी पोरीला मैदान दाखवलं. अंतिम सामन्यात पंधरा बाण, प्रत्येकी दहा गुण, एकूण दीडशे. अदितीने 149 मिळवले.

आता गणित शिकवणाऱ्याच्याच काय, कुठल्याही मराठी घरात 150 पैकी 149 घेऊन गेलात तर पहिला प्रश्न ठरलेला आहे, तो एक कुठे गेला? आणि दुसरा त्याहून अवघड : बरोबरच्यांना किती पडले? इथे तर उत्तर फारच अडचणीचं होतं. अदितीबरोबर साताऱ्यातच सराव करणारा नागपूरचा ओजस देवतळे त्याच स्पर्धेत पुरुषांमध्ये जगज्जेता झाला, आणि अंतिम सामन्यात त्याला दीडशेपैकी दीडशे होते.